समुद्रावरची शाळा

खडवलीच्या स्टेशनावर उतरून भातसेच्या कांठीं जाणाऱ्या माणसाला समुद्राची आठवण व्हावी असें तेथें वरवर कांहींच दिसत नाहीं. परंतु हेंच पाणी पुढें काळू आणि उल्हास यांच्या संगतीनें कल्याणच्या खाडीला जातें, आणि कल्याण हें एके काळीं नांवाजलेलें बंदर होतें. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांचीं दानें शिलालेखांत कोरलेलीं आहेत. १६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली आणि पुढें याच खाडीवर मराठी आरमाराचीं पहिलीं जहाजें बांधण्यास हात घातला. त्या कामावर कांहीं पोर्तुगीज कारागीर होते. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना ही गोष्ट कळली तेव्हां त्यांनीं ते कारागीर फोडून नेले. जहाजें बांधावयाचीं थांबलीं नाहींत हें खरें. पण विद्या दुसऱ्याच्या हातीं असली म्हणजे काय होतें, याचा तो पहिला धडा होता.

दुसरा धडा फार कडू आहे. १७५६ सालीं पेशवे आणि इंग्रज यांनीं मिळून तुळाजी आंग्र्यावर स्वारी केली. विजयदुर्गाच्या बंदरांत आंग्र्यांचें आरमार जळालें. ज्या आगीला स्वकीयांनींच सरपण पुरविलें तिचें दुःख किती करावें! त्यानंतर कोंकणचा दर्यावर्दी समुद्रावरून नाहींसा झाला नाहीं. तो परक्यांच्या आगबोटींवर खलाशी झाला, तांडेल झाला, सारंग झाला. वाऱ्याचा रंग ओळखणें त्याला येत होतें, दोरखंड आणि शिडें त्याच्या हाताला वश होतीं. मात्र जहाज या घटकेला पृथ्वीच्या पाठीवर नेमकें कोठें आहे, हें नकाशावर मांडण्याचें काम ब्रिजवरील साहेबाचें. त्या परीक्षेला बसावयाचें तर आधीं शिकाऊ अधिकारी म्हणून कांहीं वर्षें समुद्रावर काढलीं पाहिजेत, आणि हिंदी मुलाला तशी जागा देण्यास गोऱ्या कंपन्या तयार नव्हत्या. म्हणजे पोहणें आल्याशिवाय पाण्यांत उतरावयाचें नाहीं, असा हा न्याय.

समुद्रपर्यटनाचा निषेध घरीं होताच. त्याला न जुमानतां कल्याणांत जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलांत कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या बोटीनें निघाल्या आणि ४ जून रोजीं न्यूयॉर्कला पोंचल्या. त्यांचें धैर्य असामान्य खरें. तथापि त्यांच्यासाठीं जहाज हें शाळेपर्यंत नेणारें वाहन होतें. जहाज हीच शाळा व्हावयास आणखी चव्वेचाळीस वर्षें लागलीं.

५ एप्रिल १९१९ रोजीं सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. या कंपनीच्या संस्थापकांत सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. मालकी हिंदी झाली, पण हिंदी अधिकारी आणावयाचे कोठून? १९२२ सालीं सर शिवस्वामी अय्यर यांनीं कायदेमंडळांत हा प्रश्न मांडला. त्यावर नेमलेल्या कमिटीनें १९२४ सालीं शिक्षणासाठीं एक जहाज राखून ठेवावें अशी शिफारस केली. १९०४ सालचें ‘डफरिन’ हें सैन्याची ने-आण करणारें जहाज त्यासाठीं मिळालें, आणि १९२७ च्या डिसेंबरांत माझगांवच्या किनाऱ्यापाशीं नांगरलेल्या त्या बोटीवर पहिल्या विद्यार्थ्यांचा वर्ग सुरू झाला. त्या तुकडींतील राम दास कटारी हे १९५८ सालीं भारतीय नौदलाचे पहिले हिंदी प्रमुख झाले.

बोटीवरील भाषा इंग्रजी, शिस्त इंग्रजी. त्यामुळें इंग्रजी शिकलेल्या घरच्या मुलांना तिचें दार उघडलें; रत्नागिरीच्या सारंगाचा पोर बहुधा बाहेरच राहिला. ज्या घराण्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या समुद्राचें मीठ खाल्लें त्यांच्या वाट्याला हें यावें, ही त्या शाळेची मोठी उणीव म्हटली पाहिजे.

‘डफरिन’ स्वतः प्रवासाला जात नसे. तेथील अभ्यास संपला म्हणजे विद्यार्थी मालवाहू जहाजावर शिकाऊ म्हणून चढे, आणि खरा अभ्यास तेथें सुरू होई. सकाळीं डेक धुवावयाचें, गंज खरवडावयाचा, आणि दुपारीं सेक्स्टंट घेऊन सूर्याची उंची मोजावयाची. हें गणित खडवलीच्या मैदानावर उभें राहूनही कळण्यासारखें आहे. येथें ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारें १९ अंश वर दिसतो, कारण येथील अक्षांशच तितका आहे. विलायतेच्या वाटेवर तो रोज चढत जातो आणि लंडनला ५१ अंशांवर पोंचतो; विषुववृत्ताच्या दक्षिणेस तो क्षितिजाखालीं जातो. रेखांश घड्याळ सांगतें. ग्रीनिचच्या वेळेशीं स्थानिक वेळेचा ४ मिनिटांचा फरक म्हणजे १ अंश. पुस्तकांत हें चार ओळींत संपतें. हलणाऱ्या डेकवर, ढगांच्या फटींतून, सूर्य पळभर दिसतो तेव्हां तो हातीं लागावा यासाठीं महिने घालवावे लागतात.

माल भरण्याची विद्याही अशीच. जड माल अगदीं तळाशीं कोंबला तर जहाज झटके देत डोलतें, आणि वर ठेवला तर उलटण्याचें भय. सुटें धान्य वादळांत एका अंगाला सरकतें. चहाशेजारीं चामडीं ठेविलीं तर चहा फुकट गेला समजावें. येथें चुकीला गुण कापले जात नाहींत, जहाज कलंडतें.

परदेशचें बंदर पाहण्याचा योग मात्र आरंभीं क्वचितच येई. १९२३ सालीं इंग्रज कंपन्यांशीं झालेल्या करारानें सिंदियाला हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिंहलद्वीप यांच्या किनाऱ्यांपुरतें बांधून ठेविलें होतें. रंगून आणि कोलंबो एवढेंच काय तें त्या मुलांचें परदेश. १९४७ नंतर हिंदी मालवाहू बोटी युरोप-अमेरिकेच्या वाटेस नियमानें लागल्या. १९४८ च्या मार्चांत विशाखापट्टणला ‘जलउषा’ पाण्यांत उतरली. आतां शिकाऊ मुलगा आपल्याच देशाच्या बोटीवर काम करीत सुवेझ ओलांडूं लागला.

‘डफरिन’ १९७२ सालीं निवृत्त झाली. तिच्या जागीं ‘राजेंद्र’ आली, आणि १९९३ पासून ही शाळा नवी मुंबईंत ठाण्याच्या खाडीकांठीं जमिनीवर भरते. तिचें नांव ‘टी. एस. चाणक्य’. त्यांतील पहिलीं दोन अक्षरें अजूनही शिक्षणाच्या जहाजाचीं आहेत, जरी इमारत कांहीं तरंगत नाहीं. मुलांना तेथें तीन वर्षांत विद्यापीठाची पदवी मिळते. परंतु अधिकाऱ्याच्या परीक्षेस बसण्यापूर्वीं समुद्रावर काम केलेंच पाहिजे, हा जुना नियम चालूं आहे. आणि त्यासाठीं शिकाऊ म्हणून बोटीवर जागा मिळेपर्यंत, पदवी हातीं घेऊन, पुष्कळांना आजही कंपन्यांच्या दारांत महिनेन्‌महिने थांबावें लागतें.