'ध'च्या खणात 'घ'

साल 1921, डिसेंबर महिना. पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचं केडगाव. तुझं वय एकोणीस, कपाळ मोकळं. नवरा गेला, सासरच्यांनी दार लावून घेतलं, आणि तू पंडिता रमाबाईंच्या 'मुक्ती' आश्रमात येऊन पडलीस.

पहाटेची प्रार्थना आटोपली आहे. बाहेर तेलाचा घाणा फिरतोय, माग खडखडतोय, गोठ्यातून दुधाच्या चरव्या निघाल्यात. तुला पाठवलंय छापखान्यात. आत शाईचा उग्र वास. समोर लाकडी केस, तिच्यात खणच खण आणि त्यांत शिशाचे खिळे. इंग्रजीचं सव्वीस अक्षरांत भागतं. आपल्याला काने, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं असा मोठा संसार लागतो. डाव्या हातात खिळे जुळवायची स्टिक धर. उजव्या हाताने खिळा उचल. त्याच्या अंगावरची खाच बोटाला लागली, की तो कसा बसवायचा ते न बघता कळतं. अक्षर उलटं दिसेल, दिसू दे. थोड्या दिवसांनी तेच सरळ वाटायला लागेल.

आज तुझ्याकडे रूथच्या पुस्तकातलं पान आलंय. परमुलखात आलेली तरुण विधवा, कापणी करणाऱ्यांच्या मागे फिरून सांडलेली कणसं वेचणारी. तुझे डोळे भरून येतात. ओठ पुटपुटू लागतात, हात आपसूक चालत राहतात.

प्रूफ निघतं. शेजारची बाई, 1900च्या दुष्काळात गुजरातेतून इथे आलेली आणि आता जुळणीत मुरलेली, एका शब्दावर बोट ठेवते. 'धान्य'चं 'घान्य' झालंय.

"प्रार्थना करत होते," तू सांगतेस.

"कर की. पण खण बघून कर. आणि त्या 'ध'च्या खणात आणखी 'घ' पडलेत का, तेही बघ. कालचं पान सोडून खिळे परत खणांत टाकताना कुणीतरी घाई केली असणार."

एवढं बोलून ती आपल्या केसकडे वळते. तू खण पालथा घालतेस आणि एकेक खिळा उजेडात धरून बघत बसतेस. बोटं काळी होतात. तीन 'घ' सापडतात.

ख्रिस्ती माणूस 'काम हीच उपासना' म्हणतो तेव्हा मला ही खणातली निवडानिवड आठवते. देवाच्या नावाने केलेलं काम म्हणून त्यात कुणी सूट देत नाही. भक्तीच्या पांघरुणाखाली गबाळं काम खपवणारे सगळ्याच धर्मांत भेटतात. या छापखान्यात त्यांचा टिकाव लागला नसता.

एक गोष्ट मात्र खटकते, ती बोलून टाकतो. जे कराल ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून जीव ओतून करा, हे पौलाने कलस्सैकरांस पत्रात सांगितलं ते दासांना. धन्यांनाही त्याने लगेच न्यायाने वागायला बजावलं, पण फुकट राबवून घेणाऱ्यांना पुढचं वाक्य कधी आठवत नाही. मुक्तीचा हिशेब वेगळा होता. ज्या बायकांना घरात जागा नव्हती, त्यांच्या हाती इथे कसब आलं.

दुपारी दुरुस्त प्रूफ घेऊन तू रमाबाईंच्या खोलीत जातेस. साठी ओलांडलेली बाई, ऐकू कमी येतं. एकुलती एक मुलगी मनोरमा याच वर्षी गेली. तरी टेबलावर कागद पसरलेले आहेत. तरुणपणी कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'सरस्वती' म्हणून गौरवलं, ती उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणते आहे, आणि तेही शेतात राबणाऱ्या बाईला ऐकताक्षणी कळेल अशा मराठीत. त्या प्रूफ हातात घेतात आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागतात. तुझ्याकडे बघायला त्यांना सवड नाही.

पुढच्या वर्षी, 5 एप्रिल 1922 रोजी, रमाबाई गेल्या. त्याआधी शेवटचं प्रूफ त्यांच्या नजरेखालून गेलं होतं. संपूर्ण बायबल 1924 साली बाहेर पडलं. त्याची जुळणी आणि छपाई मुक्तीतल्या बायकांनीच केली होती.