कट मारला कोणी?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली आगगाडी ठाण्याला पोहोचली आणि वर्षभराने रूळ कल्याणला भिडले. १८५५ च्या मार्चमध्ये ‘फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्ट’ आला. तोवर इंग्रजी न्यायाचे सूत्र असे होते की, माणूस गेला की त्याचा दावाही त्याच्याबरोबर गेला. पाय मोडलेल्याला भरपाई मागता येई, मेलेल्याच्या विधवेला नाही. इंग्लंडने हा अन्याय १८४६ मध्ये दूर केला होता, तोही आगगाड्यांच्या अपघातांनी लोक धास्तावलेले असताना. मोटार अजून जन्मायचीच होती. तरीही कल्याण-शीळ रस्त्यावर एखाद्या मोटारीने कट मारून दुचाकीवाल्याचा जीव घेतला, तर त्याचे घरचे ज्या हक्काने भरपाई मागतात, त्याचे मूळ या रुळांच्या काळात आहे.

हक्क मिळाला, पण वाट लांबची होती. दिवाणी कोर्टात जायचे, मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरायची आणि शेवटी ट्रकवाला कफल्लक निघाला, तर हातात नुसता हुकूमनामा. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला. तो भाग लागू व्हायला मात्र १ जुलै १९४६ उजाडला. १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची सोय झाली. अर्जाला मुदत साठ दिवसांची! तेराव्यातून सावरून कागदपत्रे जमवेपर्यंत निम्मी संपायची. पुढे ती सहा महिने झाली.

आता कट मारण्याचे. जुन्या कायद्याचा भर ‘डावीकडून चाला’ यावर होता. रस्त्यावर पट्टे आखलेले असतील तर आपल्या लेनमध्येच राहा आणि लेन बदलण्याआधी इशारा द्या, हे स्पष्ट शब्दांत आले १९८९ च्या ‘रूल्स ऑफ द रोड रेग्युलेशन्स’मध्ये. २०१७ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. नियम आला, पण पट्टे कुठे होते? माजिवड्यापासून वडप्यापर्यंत आठ पदरांचे आणि कल्याण-शीळला सहा पदरांचे काम निघाले ते अगदी अलीकडे. त्यातच मेट्रोच्या कामाचे पत्रे उभे राहिले की, कालची लेन आज अर्धीच उरते.

त्यामुळे न्यायाधिकरणापुढे भांडण पेटते ते पंचनाम्यावरून. रस्त्याची रुंदी किती, ब्रेकच्या खुणा कुठून कुठपर्यंत, काचा कुठे सांडल्या, मोटारीचा डावा मागचा दरवाजा चेपला की पुढचा बंपर. अर्धवट लेनमध्ये घुसलेल्या गाडीचे माप टेपने घेतले असेल तर ठीक. नाहीतर दोन्ही ड्रायव्हर एकच वाक्य सांगणार: मी सरळ चाललो होतो, तोच आडवा आला. एक दिलासा असा की, इथे फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, कोणाची बाजू जास्त संभवनीय एवढेच पाहतात. फौजदारीत सुटलेला ड्रायव्हरही म्हणून इथे निष्काळजी ठरू शकतो.

दोष वाटूनही दिला जातो. कोइम्बतूरजवळ २०१७ मध्ये एक मोटार हमरस्त्यावर इशारा न देता थबकली, मागून आलेला दुचाकीवरचा विद्यार्थी तिच्यावर आदळून पडला आणि मागच्या बसखाली त्याचा पाय गेला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये हिशेब मांडला: मोटार ५० टक्के, बस ३०, विद्यार्थी २०. रिक्षात मागे बसलेल्या प्रवाशाला हे गणित सोडवत बसावे लागत नाही. दोन वाहनांची चूक असेल तर कोणा एकाकडूनही पूर्ण रक्कम मागता येते, असे त्याच न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे.

चूक कोणाची हे ठरेपर्यंत घर कसे चालायचे, यावर १९८२ मध्ये उत्तर निघाले: दोष न पाहता मृत्यूला १५,००० आणि कायमच्या अपंगत्वाला ७,५०० रुपये. २०१९ च्या दुरुस्तीने ही योजना बदलली. आता दोष सिद्ध न करता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मागता येतात. पण ते घेतले की मोठ्या दाव्याचे दार बंद होते, म्हणून चांगला पगार असलेल्यांचे वकील हा रस्ता सहसा टाळतात.

ठाण्या-कल्याणच्या माणसाला सर्वांत उपयोगी पडला तो १९९४ चा बदल. १९३९ च्या कायद्यात जिथे अपघात तिथेच अर्ज. ‘रोज मुंबईला, सुट्टीत गावाला’ अशी ज्यांची धाव, त्यांना दूरच्या कोर्टात खेटे घालावे लागत. १९९४ नंतर अर्जदार राहतो त्या भागातले न्यायाधिकरणही चालू लागले, म्हणून नाशिक रस्त्यावरचा किंवा एक्स्प्रेस वेवरचा अपघात घेऊन डोंबिवलीकर आपल्याच जिल्ह्यात उभा राहू शकतो. त्याच दुरुस्तीने मुदतीची अटही काढून टाकली होती. १ एप्रिल २०२२ पासून ती परत आली आहे, पुन्हा सहा महिन्यांची.