प्रोबायोटिके व क्षोभी आंत्र विकार

प्रोबायोटिके व क्षोभी आंत्र विकार : पुरेशा प्रमाणात सेवन केले असता आरोग्यास हितकारक ठरणाऱ्या जिवंत सूक्ष्मजंतूंना प्रोबायोटिके म्हणतात. पोटदुखी, पोट फुगणे आणि जुलाब, बद्धकोष्ठ किंवा आलटून पालटून दोन्ही, अशी लक्षणे दीर्घकाळ असूनही आतड्यात ती स्पष्ट करणारी दृश्य विकृती आढळत नाही, त्या अवस्थेस क्षोभी आंत्र विकार म्हणतात. या विकाराने जीवितास धोका नसतो. तथापि रोग्याचे दैनंदिन जीवन विस्कळित होते. तपासणीत दोष न सापडल्याने अशा रोग्यांची तक्रार पुष्कळदा केवळ मानसिक मानली गेली. प्रोबायोटिकांच्या उपयोगाचा इतिहास या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो.

आद्य कल्पना : आतड्याच्या विकारांत आंबवलेल्या दुधाचा वापर प्राचीन आहे. चरकसंहितेत ग्रहणीच्या चिकित्सेत तक्राची (ताकाची) प्रशंसा आढळते. मात्र ग्रहणी व क्षोभी आंत्र विकार एकच होत, असे म्हणता येत नाही. आधुनिक विचाराचा आरंभ पॅरिस येथील पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञ एल्या म्येच्निकॉव्ह (१८४५–१९१६) यांच्यापासून मानतात. बृहदांत्रातील कुजण्याच्या क्रियेमुळे विषारी द्रव्ये निर्माण होऊन वार्धक्य लवकर येते व आंबट दुधातील जंतू ही क्रिया रोखतात, असे त्यांचे मत होते. बल्गेरियन दह्यातील दंडाकार जंतूचे वर्णन स्टामेन ग्रिगोरॉव्ह यांनी १९०५ मध्ये केले होते. त्यामुळे अशा दह्यास मोठी लोकप्रियता लाभली. तथापि हा जंतू मानवी आतड्यात टिकून राहत नाही, असे अमेरिकेतील रेट्गर व चेप्लिन यांनी १९२१ च्या सुमारास दाखविले. मूळ दाव्याला त्यामुळे धक्का बसला आणि आतड्यात तग धरणाऱ्या जंतूंचा शोध सुरू झाला. जर्मनीत आल्फ्रेट निस्ले यांनी १९१७ मध्ये, आमांशाच्या साथीत निरोगी राहिलेल्या एका सैनिकाच्या विष्ठेतून उपयुक्त जंतू वेगळा केला. जपानमध्ये मिनोरू शिरोता यांनी १९३० मध्ये दुग्धाम्लजनक जंतूचा एक निवडक वाण वाढविला.

विकाराचे स्वरूप : चौधरी व ट्रूलव्ह यांनी १९६२ मध्ये ऑक्सफर्ड येथील १३० रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी काहींचा विकार आमांश वा तत्सम संसर्गानंतर सुरू झाला होता. आंत्रजंतूंशी या विकाराचा संबंध असावा, या विचाराला त्यामुळे आधार मिळाला. १९७८ मध्ये मॅनिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी निदानासाठी लक्षणांचे निकष मांडले. पुढे रोम निकष प्रचारात आले. त्यांची चौथी आवृत्ती २०१६ मध्ये निघाली. समान निकषांनी रोगी निवडता येऊ लागल्यावरच उपचारांची तुलना शक्य झाली.

चिकित्सालयीन चाचण्या : आयर्लंडमधील ओमाहनी व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ७७ रोग्यांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. बिफिडोबॅक्टेरियम इन्फांटिस या जंतूच्या ३५६२४ क्रमांकाच्या वाणाने वेदना व पोट फुगणे कमी झाले. त्याच चाचणीतील लॅक्टोबॅसिलस गटातील वाणाचा मात्र तसा प्रभाव दिसला नाही. त्याच बिफिडोबॅक्टेरियम वाणाची चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ३६२ स्त्रियांना चार आठवडे तीन वेगवेगळ्या मात्रा किंवा औषधरहित कुपी देण्यात आली. दहा कोटी जंतूंची मात्रा उपयुक्त ठरली. त्याच्या शंभरपट मात्रा निरुपयोगी ठरली, कारण कुपीतील द्रव्य गोठून घट्ट झाले व विरघळेना. वाण, मात्रा व बनविण्याची रीत यांवर परिणाम अवलंबून असतो, हे यावरून स्पष्ट होते.

मूल्यमापन : या विकारात औषधरहित मात्रेनेही अनेकांना बरे वाटते. शिवाय अनेक चाचण्या लहान असून त्यांतील वाण भिन्न आहेत. यामुळे तज्ज्ञांत एकमत नाही. २०२१ मध्ये ब्रिटिश जठरांत्रतज्ज्ञांच्या संस्थेने बारा आठवड्यांपर्यंत प्रोबायोटिक घेऊन पाहावे व गुण न आल्यास थांबवावे, असे सुचविले. विशिष्ट वाणाची शिफारस मात्र केली नाही. त्याच वर्षी अमेरिकन जठरांत्रतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने एकूण लक्षणांसाठी ती वापरू नयेत, असे मत दिले. घरगुती दही-ताकात जिवंत जंतू असले, तरी त्यांचे वाण व प्रमाण निश्चित नसल्याने वरील निष्कर्ष त्यांना लागू होत नाहीत. शौचावाटे रक्त जाणे किंवा अकारण वजन घटणे या लक्षणांत प्रोबायोटिकांवर विसंबून न राहता वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. रोगप्रतिकारशक्ती अतिशय क्षीण असलेल्यांनी ती वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नयेत. दीर्घायुष्याच्या व्यापक आश्वासनापासून सुरू झालेला हा विचार एका वाणाच्या, एका मात्रेच्या व काही लक्षणांच्या मर्यादित कसोटीपर्यंत आला आहे.