बरे झालेल्या मुलांचा इतिहास

लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर माणसाने मिळविलेल्या विजयाची कथा बहुधा बोस्टन शहरापासून सांगितली जाते. आपण ती परळपासून सुरू करू. १९२८ साली लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर भारतात आल्या आणि मुंबईच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी गिरणी कामगार स्त्रियांच्या गरोदरपणातील पंडुरोगाचा अभ्यास केला. मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्काने त्या स्त्रियांचे रक्त सुधारते, असे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कात दडलेला घटक पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. नव्या पेशी घडविण्यासाठी शरीराला हे जीवनसत्त्व लागते. पुढे जे घडले त्याचे सूत्र या एका वाक्यात आहे.

भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. त्यांच्या सहकाऱ्यांनी फोलिक आम्ल प्रयोगशाळेत तयार केले; नंतर त्याच्यासारखीच दिसणारी, पण त्याचे कार्य रोखून धरणारी द्रव्येही बनविली. त्यांतील अमिनोप्टेरिन हे द्रव्य बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४७ च्या अखेरीस ल्युकेमियाच्या मुलांना दिले. जून १९४८ मध्ये त्यांनी १६ मुलांचा वृत्तांत छापला. पैकी १० मुलांना उतार पडला होता. तो उतार तात्पुरता होता. काही महिन्यांत रोग परतला. सुब्बाराव त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये निवर्तले. आपल्या देशात त्यांचे नाव आजही फारसे कोणी घेत नाही, याचे वैषम्य वाटते.

यापुढील प्रकरण आपल्या वाचकांना जवळचे वाटेल. लेबनॉनहून अमेरिकेत आलेल्या मॅरोनाइट कॅथलिक कुटुंबातील डॅनी थॉमस हा नट हलाखीत असताना अशक्य कार्यांचे कैवारी संत ज्यूड तद्दय यांना नवस बोलला होता : मला वाट दाखव, मी तुझे मंदिर उभारीन. पुढे त्याला कीर्ती मिळाली. कार्डिनल सॅम्युएल स्ट्रिच यांच्या सल्ल्याने त्याने मेम्फिस हे शहर निवडले आणि मंदिराऐवजी मुलांचे इस्पितळ बांधले. १९६२ च्या फेब्रुवारीत ते उघडले. दक्षिणेत वर्णभेद जोरात असताना तेथे काळी-गोरी मुले एकाच कक्षात राहत आणि आईबापांना बिल दिले जात नसे.

इस्पितळाचे पहिले संचालक डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी ध्येय ठेवले ते रोग समूळ बरा करण्याचे. त्या काळी अनेकांना हे धाडस वाटले. मुख्य अडचण मेंदूची होती. रक्तातून दिलेली औषधे मेंदूपर्यंत पुरेशी पोहोचत नाहीत, त्यामुळे रोगाच्या पेशी मेंदूच्या आवरणांत लपून राहत आणि अंग रोगमुक्त झाल्यावर तेथून पुन्हा डोके वर काढीत. पिंकेल यांनी मुलांच्या डोक्यावर २४०० राड इतके किरण दिले आणि पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्सेट हे औषध सोडले. मेथोट्रेक्सेट म्हणजे अमिनोप्टेरिनचे भावंड, फोलिक आम्लाचेच वैरी. १९६७-६८ च्या या अभ्यासातील सुमारे निम्मी मुले कायमची बरी झाली. वीस वर्षांपूर्वी ज्या रोगात एकही मूल वाचत नव्हते, तेथे हे घडले.

इतिहासाची पुस्तके येथे सहसा थांबतात. मुले मात्र शाळेत गेली.

ती वाचली नसती तर पुढचा प्रश्न उद्भवलाच नसता. काही वर्षांनी शिक्षकांना व पालकांना जाणवू लागले, की यांतील काही मुले गणितात मागे पडतात, ऐकलेले चटकन विसरतात, वर्गाचे लिहून संपले तरी यांची वही अर्धीच असते. फिलाडेल्फियाच्या डॉ. अॅना मेडोज आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली दाखवून दिले, की डोक्यावर किरण घेतलेल्या मुलांचा बुद्ध्यांक काळाबरोबर घसरतो. अगदी लहान वयात उपचार झालेल्यांचा अधिक. किरणांची मात्रा १८०० राडवर आली. पुढे बहुतेक मुलांच्या बाबतीत किरण वगळून कण्यातून देण्याच्या औषधांवर भर देण्यात आला. मेम्फिसच्या डॉक्टरांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आरंभीच्या उपचारात एकाही मुलाला असे प्रतिबंधक किरण दिले नव्हते, तरीही पाच वर्षांनंतर शेकडा नव्वदांहून अधिक मुले जिवंत होती.

आता अभ्यासाचा प्रश्न मिटला असे वाटणे स्वाभाविक होते. तो बराचसा मिटला, पुरता नाही. केवळ औषधांवर बऱ्या झालेल्या मुलांतही काहींची एकाग्रता टिकत नाही, हातचे लक्षात ठेवून आकडेमोड जमत नाही आणि विचाराची गती मंदावते. कारण शोधताना गाडी पुन्हा फोलिक आम्लापाशी येते. मेंदूतील तंतूंवरचे आवरण वाढत्या वयात घडत असते आणि त्यालाही हेच जीवनसत्त्व हवे असते. मेथोट्रेक्सेट रोगपेशींचे अन्न तोडते, तेव्हा मेंदूच्या त्या श्वेत भागालाही झळ लागू शकते. सगळ्यांनाच ती लागते असे नाही. पुष्कळ मुले उत्तम शिकतात. धोका अधिक आहे तो अगदी लहान वयात उपचार झालेल्यांना, आणि अनेक अभ्यासांनुसार मुलींना.

पिंकेल यांना दोष देणे अन्यायाचे होईल. जिवंत मूल हाती आल्याशिवाय त्याच्या पाढ्यांची चिंता कोण करणार? परंतु सरासरी बुद्ध्यांक ठीक आहे एवढ्यावर समाधान मानण्याची सवय फार काळ टिकली, हे माझ्या मते चुकले. या मुलांची समज शाबूत असते. अडते ते वेगावर. आणि आपली परीक्षा तर घड्याळावर चालते.

परळमध्येच १९४१ साली उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९८० च्या दशकात ल्युकेमियाची नवी उपचारपद्धती स्वीकारली. तिच्यातही डोक्यावरचे किरण होते. बऱ्या झालेल्या मुलांसाठी तेथे १९९१ साली स्वतंत्र चिकित्सालय सुरू झाले, ही दूरदृष्टीची गोष्ट होय. पण पालघर वा रत्नागिरीच्या खेड्यातील शाळेपर्यंत ही माहिती जात नाही. शिवाय आईबापही आजार लपवितात, मुलगी असली तर लग्नाच्या धास्तीने विशेषच. उपचार तिसऱ्या-चौथ्या वर्षी झालेले असतात, अडचण पाचवी-सातवीत दिसते. तोवर इस्पितळाची फाईल ट्रंकेच्या तळाशी गेलेली असते, आणि शिक्षक मुलाला आळशी म्हणून मोकळे होतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलांचा त्यांत वेगळा उल्लेख नाही. उत्तरपत्रिकेसाठी वाढीव वेळ हवा असेल तर मुलाची तपासणी करवून अध्ययन अक्षमतेचा दाखला मिळवावा लागतो. तो मागायचा असतो हे सांगणारे कोणीतरी त्या घरी जायला हवे, आणि ती फाईल ट्रंकेतून बाहेर काढायला हवी.