पाकाची पारख: कोल्हापूरच्या गुऱ्हाळातील तापमापन

कोल्हापूरच्या गुऱ्हाळघरात उसाचा रस आटवण्याची मोठी कढई, म्हणजे काहील, चुलवाणावरून कधी उतरवायची, हे गूळ शिजवणारा गुळव्या ठरवतो. रानभेंडीच्या चिकाने मळी वर येते, ती काढली जाते, रस आटत राहतो. पण गूळ साधतो की बिघडतो ते शेवटच्या काही मिनिटांवर ठरते. काहील लवकर उतरली तर ढेप मऊ राहते आणि पावसाळ्यात पाझरते. उशीर झाला तर पाक करपतो, रंग काळवंडतो.

या मिनिटांचे मोल बाजारात कळते. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरी पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला शहरात हक्काची जागा मिळाली. सौद्यात रंग, कडकपणा आणि कणी पाहून भाव ठरतो. म्हणजे शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट अखेर गुळव्याच्या नजरेवर येऊन ठेपतात. त्याला गुऱ्हाळात मान असतो तो म्हणूनच.

गुळव्याची जुनी कसोटी गोळीची. उकळत्या पाकाचा थोडा भाग थंड पाण्यात टाकायचा, बोटांनी त्याची गोळी वळायची आणि काहिलीच्या काठावर आपटायची. टणकन आवाज आला की गूळ तयार. ही कसोटी अडाणी नव्हे: पाकात पाणी किती उरले आहे, तेच ती सांगते.

तापमापकही तेच सांगतो. पाणी उडून साखरेचे प्रमाण वाढले की पाकाचा उत्कलनबिंदू चढत जातो. काकवीसाठी (पातळ गुळासाठी) साधारण 105 ते 106 अंश सेल्सिअस आणि गुळासाठी 118 अंशांच्या आसपास, असे आकडे शिफारशींत दिलेले असतात. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाल्यावर एकसारख्या प्रतीची गरज अधिकच जाणवू लागली.

काचेचा पाऱ्याचा तापमापक गुऱ्हाळात धोक्याचाच: फुटला तर अख्खी काहील वाया. डिजिटल तापमापकाने ती भीती संपवली, पण नवा भ्रम आणला. पडद्यावर दशांश दिसतो म्हणून आकडा बरोबर असतोच असे नाही. तो तीन अंश जास्त दाखवत असेल तर 118 वाचताना पाक खरे तर 115 वर असेल.

पडताळणी सोपी आहे. बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी ढवळून त्यात तापमापकाची सळई धरली की 0 दिसले पाहिजे. उकळत्या पाण्याच्या बाबतीत मात्र अनेकांची गफलत होते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 570 मीटर उंचीवर आहे. इथे पाणी 98 अंशांच्या जवळपास उकळते. 100 दाखवणारा तापमापक इथे दोन अंश पुढे असतो. हे दोन्ही बिंदू जुळले तरी 118 ची खात्री होत नाही; त्यासाठी प्रमाणित तापमापकाशी तापलेल्या तेलात तुलना करावी लागते.

वापरतानाही सळईचे टोक काहिलीच्या तळाला टेकू देऊ नये, कारण तळाचा पत्रा पाकापेक्षा तापलेला असतो. दुरून रोखायची अवरक्त तापमापक बंदूक तर वाफ आणि फेस यांमुळे फसते.

गोळी आणि आकडा यांत फरक पडला, तर दोष दरवेळी तापमापकाचा नसतो. शिळ्या किंवा लोळलेल्या उसाच्या रसातील काही साखर फुटलेली असते. असा पाक 118 अंशांवरही नीट धरत नाही.