लोअर केलेल्या गाडीचं व्हील अलाइनमेंट: टायर आतून का झिजतो आणि काय करायचं?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, गाव श्रीगोंदा. कोडमध्ये एक ओळ बदलली की दुसरीकडेच काहीतरी बिघडतं, हा आमचा रोजचा अनुभव. गाडीतही तसंच होतं, हे मला जरा उशिराच कळलं.

मी माझ्या जुन्या हॅचबॅकला बाहेरून आणलेल्या लोअरिंग स्प्रिंग टाकल्या. गाडी साधारण ४० मिलिमीटर खाली बसली, दिसायला एक नंबर! काही महिन्यांनी आई-वडिलांना घेऊन दौंडमार्गे पुण्याला जायचं होतं. आदल्या दिवशी हवा भरताना पंक्चरवाल्या काकांनी स्टिअरिंग पूर्ण वळवायला लावलं आणि टायरची आतली कड दाखवली. तारा दिसत होत्या. बाहेरून मात्र नक्षी नव्यासारखी. स्प्रिंग बदलल्यावर मी अलाइनमेंटच केलं नव्हतं. म्हणून हा लेख.

आधी तीन शब्द समजून घ्या

- कॅम्बर: गाडीकडे समोरून बघा. चाकाची वरची बाजू आत झुकली असेल तर निगेटिव्ह कॅम्बर, बाहेर झुकली असेल तर पॉझिटिव्ह.
- टो: उभं राहून पायांचे अंगठे आत वळवा, हा टो-इन. बाहेर वळवा, हा टो-आउट. चाकांचंही तसंच.
- कॅस्टर: बाजूने बघितलं तर चाक ज्या रेषेभोवती वळतं ती थोडी मागे झुकलेली असते, सायकलच्या पुढच्या फोर्कसारखी. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं ते यामुळे.

गाडी खाली आली की काय बिघडतं?

बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट सस्पेन्शन असतं. गाडी खाली बसली की लोअर आर्मचा कोन बदलतो आणि कॅम्बर सहसा जास्त निगेटिव्ह होतो. टाय रॉड आणि लोअर आर्म वेगवेगळ्या वर्तुळांत फिरतात, त्यामुळे टोसुद्धा हलतो.

लोक कॅम्बरला घाबरतात, पण टायर लवकर खातो तो टो. हिशोब करून बघा. एका चाकाचा टो ०.३ अंशाने चुकला, तर दर किलोमीटरला ते चाक साधारण ५ मीटर आडवं ओढलं जातं. श्रीगोंदा ते पुणे शंभरेक किलोमीटर धरलं, तर एका फेरीत अर्धा किलोमीटर आडवं घासणं! त्यात निगेटिव्ह कॅम्बर असेल तर हा सगळा मार आतल्या कडेवर येतो, आणि ती कड उभ्याने दिसतच नाही.

अलाइनमेंटचा योग्य क्रम

१. आधी उंची पक्की करा. नवीन स्प्रिंग थोड्या बसतात, म्हणून काही दिवस जपून चालवा आणि मग फायनल अलाइनमेंट करा. पण तोवर टो तसाच सोडू नका, फिटिंगच्या दिवशीच तात्पुरता सेट करून घ्या. कॉइलओव्हर असतील तर चाकाच्या मध्यापासून फेंडरपर्यंतचं अंतर डावी-उजवीकडे मोजा.

२. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना कसा. लिफ्टवर चाकं लटकत असताना कसले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

३. हवा आणि ढिले पार्ट तपासा. बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंडला खेळ असेल तर मशीनवरचा आकडा टिकणार नाही.

४. मागची चाकं मोजून घ्या. टॉर्शन बीम असलेल्या गाडीत मागे सहसा अ‍ॅडजस्टमेंट नसते. आकडा फारच बाहेर असेल तर शिम घालाव्या लागतात.

५. मग पुढचा कॅम्बर. अनेक गाड्यांत तो कंपनीकडून अ‍ॅडजस्टेबल नसतो. अशा वेळी कॅम्बर बोल्ट किंवा कॅम्बर प्लेट लागते. दोन्ही बाजू शक्य तितक्या सारख्या ठेवा.

६. टो सगळ्यात शेवटी. कॅम्बर हलवला की टो बदलतोच. स्टिअरिंग सरळ लॉक करून टाय रॉडवरून टो सेट करायचा. रोजच्या गाडीला शून्याच्या जवळपास किंवा अगदी थोडा टो-इन ठीक.

कारागीर "टो ग्रीन आला, झालं" म्हणाला तरी 'आधी' आणि 'नंतर' असे दोन्ही आकडे असलेली प्रिंट मागा. कॅम्बर लाल राहिला असेल तर किती, हे तुम्हाला माहीत हवं.

मोबाईलने घरी काय तपासता येईल?

सपाट जागेवर गाडी उभी करा. एक सरळ पट्टी रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेला टेकवा आणि त्यावर फोन ठेवून लेव्हल अ‍ॅप उघडा. आधी फरशीचा उतार मोजून वजा करा. डावी-उजवीकडचा कॅम्बर सारखा आहे का, याचा अंदाज येतो. टो मात्र फोनने मोजू नका, तेवढी अचूकता मिळत नाही. महिन्यातून एकदा स्टिअरिंग वळवून टायरच्या आतल्या कडेचा फोटो काढा. जुना फोटो शेजारी ठेवला की झीज लगेच कळते.

कायदा काय म्हणतो?

नवीन मॉडेल बाजारात येण्याआधी पुण्याची एआरएआय, आपल्या अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्थांकडून चाचणी होऊन प्रमाणित होतं. त्यानंतर मालकाने मनाने केलेल्या बदलांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनविरुद्ध बदल करता येणार नाही, असं सांगितलं. नियमबाह्य बदलाला कलम १८२ अ नुसार प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. स्प्रिंग मागवण्याआधी आरटीओत विचारा.

थोडक्यात

गाडी एका बाजूला ओढत असेल, सरळ जाताना स्टिअरिंग वाकडं असेल किंवा मोठ्या खड्ड्यात जोरात आदळली असेल, तर लगेच अलाइनमेंट करा. मी तारा दिसलेले टायर त्याच दिवशी बदलले आणि पुण्याला एसटीने गेलो. स्प्रिंगचं बजेट ठरवताना कॅम्बर बोल्ट आणि अलाइनमेंटचे पैसे आधी बाजूला काढा. ते जमत नसेल तर गाडी आहे त्या उंचीवरच छान आहे!