बर्फाखालचे धान्य

दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास वाचताना आपली नजर स्टालिनग्राड, लेनिनग्राडवर खिळते. उरल पर्वताच्या दक्षिणेकडचा ओरेनबुर्ग प्रांत, त्या वेळचा चकालोव, या गोष्टीत येतच नाही. तिथे तोफा पोहोचल्या नव्हत्या. तरीही युद्धाचा हिशेब मांडताना मला तो वगळता येत नाही.

पुरुष आघाडीवर गेलेले, कापणीला हात अपुरे. उभे पीक शेतातच राहिले आणि बर्फाने झाकले गेले. वसंतात बर्फ वितळल्यावर उपाशी गावांनी ते धान्य वेचून आणले. सामूहिक शेतातली कणसे उचलणे १९३२च्या कायद्याने गुन्हा ठरू शकत होते. पण भूक कायद्याहून मोठी होती. त्या धान्यात फ्युझेरियम बुरशी वाढली होती. गोठण्या-वितळण्याच्या थंडीतच ती अधिक विष तयार करते.

आजाराची चाल फसवी होती. आधी तोंड-घशाची आग आणि उलट्या. मग काही आठवडे रोग्याला बरे वाटे. त्याच काळात रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटत जात. शेवटी अंगावर रक्ताचे डाग, सडलेला घसा, ताप. साथ १९४२ ते १९४७ चालली. १९४४ साली काही तालुक्यांत दहा टक्क्यांहून अधिक लोक आजारी होते.

टी-२ हे विष १९६८ साली अमेरिकेत वेगळे काढले गेले. पुढे ओरेनबुर्गच्या बुरशीतही ते सापडले. या जातीची विषे पेशीतल्या प्रथिने घडवणाऱ्या रायबोसोमला चिकटतात. मात्रा थोडी असली, तर रोगप्रतिकारक पेशी धोक्याची हाकाटी करतात आणि दाह पेटवणारे सायटोकाइन सोडतात. मात्रा वाढली, की त्याच पेशी मरतात. म्हणजे एकच विष आधी पहारेकऱ्याला बिथरवते, मग संपवते. फसव्या टप्प्याचे कोडे मला इथे उलगडते: पहारा उठलेला असतो, चोर अजून आत शिरलेला नसतो.

१९८७ साली काश्मीर खोऱ्यात पावसात भिजलेल्या गव्हाच्या पिठाने याच कुळातल्या विषांची बाधा झाली. म्हणून ही गोष्ट केवळ रशियाची नाही.

फसव्या टप्प्यातच ते धान्य खाणे थांबले, तर रोगी वाचू शकत होता. पण थांबवायचे, तर त्याच्या ताटात दुसरे धान्य हवे होते. या साथीच्या मुळाशी बुरशीइतकाच तो अभावही होता, असे मी मानतो.